काठवटीचा आवाज

वारंगा फाट्यावरच्या टपरीत चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत प्रेमानंदला स्वतःचीच गिटार ऐकू आली. विहिरीवरच्या जळक्या मोटारी भरायची तांब्याची तार घेऊन तो नांदेडहून परत निघाला होता, आखाडा बाळापूरची गाडी अजून यायची होती, आणि टपरीवाल्याच्या टेपवर गेल्या चौदा एप्रिलच्या जयंतीची कॅसेट लागली होती. बाळापूरच्या मैदानातला कार्यक्रम. ती कुणी भरली आणि या फाट्यापर्यंत कशी पोचली, कोण जाणे. त्यानं तारेची पिशवी पायाशी सरकवली आणि उगाचच जरा ताठ बसला. परक्या टपरीत आपलं वाजवणं चालू आहे आणि वाजवणारा इथंच बशीत चहा ओततोय याचा शेजारच्याला पत्ता नाही, ही मजा काही रोज मिळत नाही. शेजारी एक ट्रकवाला मान डोलवत होता. "बाजा लई झकास हाय," तो टपरीवाल्याला म्हणाला, "बाई काय म्हनून राहिली ते मात्र काईच समजंना." टपरीवाला भजी उलटत म्हणाला, "समजून काय करता? बाजा ऐका की." दोघं हसले. सवयीनं प्रेमानंदही हसला, आणि मग ते हसू त्याच्या तोंडावर नुसतंच राहून गेलं, कारण ती बाई त्याची आई होती.

गाडीत खिडकीशी बसल्यावर त्यानं ते गाणं मनात पुन्हा लावून पाहिलं. 'पाटीवरलं पहिलं अक्षर, मायला वाचता येईना, माय हात फिरवी.' हे कडवं आईनं, कमलबाईनं, स्वतः जुळवलेलं. प्रेमानंद शाळेत जायला लागला तेव्हाचं, अंगठा उठवणाऱ्या बाईचं. त्याला ते पाठ होतं आणि घोटाळा नेमका तिथंच झाला होता. ज्याला शब्द पाठ असतात त्याला ते ऐकू येतात की आठवतात, हे त्याचं त्यालाच कळत नाही. आज ट्रकवाल्याच्या कानानं ऐकलं तेव्हा तिथं शब्द नव्हतेच. गिटारीच्या मागं कुठंतरी बाईमाणसाचा एक जाडसर हुंकार होता, भिंतीपलीकडे कुणी बोलत असावं तसा. त्याला आधी राग आला तो कॅसेट भरणाऱ्याचा. मग माइकवाल्याचा. कुरुंद्याकडे जाणाऱ्या माणसांचा गठ्ठा गाडीत चढला, कुणाची तरी हळदीची पिशवी त्याच्या मांडीवर आली, आणि रागाला जागा कमी पडत गेली. त्याच्या जागी एक साधा, चिवट प्रश्न येऊन बसला. आवाज मोठा होता म्हणून शब्द बुडाले, की आवाज तसा होता म्हणून? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत का? दुकानात मोटार जळून आली की तो आधी वास घेई, जळलं कुठं ते नाकानं ठरवी आणि मगच हत्यार हातात धरी. इथं वास कशाचा घ्यायचा, तेच समजत नव्हतं.

गिटार त्याची स्वतःची होती, म्हणजे अक्षरशः. नांदेडच्या एका ऑर्केस्ट्राची टेम्पोतून पडून फुटलेली गिटार त्यानं आणली होती. दांडी आणि खुंट्या शाबूत, धडाचे मात्र दोन तुकडे. नवं धड सोनाजी सुतारानं करून दिलं. लाकूड कोणतं घ्यायचं यावर तेव्हा वादच झाला नव्हता. चांगलं म्हणजे शिसम. पलंग शिसमाचा, देवघर शिसमाचं, लग्नातलं कपाट शिसमाचं. सोनाजीनं काळपट, दगडासारखी जड फळी काढली आणि म्हणाला, "प्रेमा, तुझ्या नातवाला पुरंल." ती गिटार गळ्यात अडकवली की खांद्यावर पट्ट्याचा वळ उठायचा आणि प्रेमानंदला तो वळसुद्धा आवडायचा. तारांखाली बसतं ते पिकअप, म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेलं केसाएवढ्या तारेचं वेटोळं, ते तर त्याच्याच धंद्यातलं काम. विहिरीवरच्या मोटारी भरणाऱ्याला वेटोळ्याचं काय कौतुक! जळक्या कर्ण्याचं चुंबक काढलं, तार गुंडाळली, आणि चौकट काठोकाठ भरेपर्यंत थांबला नाही. मोटारीतली तारेची खाच रिकामी राहिली तर मोटार थरथरते, तापते, गिऱ्हाईक शिव्या घालतं. खाच भरलीच पाहिजे, हे त्याच्या हातात इतकं मुरलं होतं की इथं ते लागू आहे का, हा विचारही त्याला शिवला नाही. वर मोटारीसारखंच वार्निशात बुडवून भट्टीत भाजलं. वेटोळ्याचा दगड झाला. पहिल्यांदा तार छेडली तेव्हा जो आवाज निघाला तो जाड, गोड, उबदार होता, आणि प्रेमानंदच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पाणी का आलं, हे त्यानं तेव्हा स्वतःला विचारलं नाही. आवाज चांगला आहे, आपल्या हातचा आहे, एवढं त्याला पुरलं.

त्या जयंतीला टाळ्या पडल्या त्या गिटारीला. आणि त्या जयंतीनंतर कमलबाई गायली नव्हती. घसा बसला म्हणाली. लिंबूपाणी झालं, ज्येष्ठमध झालं, हिंगोलीच्या डॉक्टरला दाखवून झालं. डॉक्टरनं बॅटरी पाडून पाहिलं आणि काही नाही म्हणाला. नवऱ्याच्या, जळबाच्या, ढोलकीमागं उभं राहून जिनं गावोगाव रात्री गाजवल्या, ती बाई आता गायन पार्टीच्या तालमीला येऊन भिंतीला टेकून बसे आणि पोरींना म्हणे, "तुमी म्हना गं. माझं झालं." पुढची जयंती जवळ येत होती. ही जयंतीही अशीच गेली तर ती पुन्हा उभी राहणार नाही, हे प्रेमानंदला कळत होतं. गाणाऱ्या माणसाचं असंच असतं, एक वर्ष सुटलं की सुटलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात न जाता तो घरीच बसला. गिटारीचा आवाज अगदी बारीक केला आणि बायकोला, संध्याला, म्हणाला, "पेपर वाच. मोठ्यानं."

"काहून? तुमचे डोळे गेले का?"

"वाच म्हनलं नं."

संध्यानं तांदळाची ओंजळ सुपात टाकली, हात पुसले आणि कापूस खरेदी केंद्राची बातमी वाचायला घेतली. तो वाजवत राहिला. अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं. त्यानं आवाज वाढवला, आणखी वाढवला, शेजारचं कुत्रं उठून निघून गेलं, तरी संध्याचा किनरा, टोकदार आवाज गिटारीवरून सरळ चालत येत होता. मग तो उठला, कोपऱ्यातला टेप काढला, त्यावर आईची एक जुनी कॅसेट लावली, वडील असतानाची, नुसत्या ढोलकीवरची, आणि तिच्यासोबत अगदी हळू, जवळजवळ चोरून वाजवलं. पहिल्याच ओळीत आई गेली. बुडाली असंही नव्हे. दुधात दूध ओतावं तशी ती गिटारीत मिसळली आणि मग वेगळी काढता येईना. प्रेमानंदनं हात उचलला, आई आली. हात ठेवला, आई गेली. चारदोन वेळा त्यानं हे केलं, आणि त्याला भीती वाटायच्या आधी नवल वाटलं. म्हणजे मोठेपणाचा प्रश्नच नव्हता. दोघांचा पोत एक होता.

"माय मला बोलल्या होत्या," संध्या दारातून म्हणाली.

"काय?"

"जयंतीच्या दुसऱ्या दिशी. म्हने, त्याच्या बाज्यात मला माझंच ऐकू येईना, मंग सूर कुठं लावू? तुमाला सांगते म्हनलं तर माझा हात धरला. म्हने, लेकराचं नाव होऊन राहिलं, मी काहून मधी येऊ."

प्रेमानंदच्या मांडीवर गिटार आडवी होती, तिच्या काळ्या शिसमात खिडकीचा चौकोन दिसत होता. त्याला ते डोळ्यांतलं पाणी आठवलं. पहिल्यांदा तार छेडली तेव्हाचं. आता त्याचं कारण त्याच्यासमोर इतकं उघडं होतं की त्याला लाज वाटली. चांगला आवाज म्हणजे कोणता, हे माणूस कुठून शिकतो? त्यानं कुठली गिटार ऐकली होती लहानपणी? त्यानं ऐकली होती ती फक्त माय. पोटात असल्यापासून. लाकूड निवडताना, तार गुंडाळताना, अजून थोडं जाड, अजून थोडं उबदार म्हणत तो जे शोधत होता, ते त्यानं नकळत बरोबर शोधून काढलं होतं. त्यानं आपल्या आईचा आवाज बनवला होता. तिच्याहून मोठा, न दमणारा, विजेवर चालणारा. आणि मग तिलाच तिच्या जागेवरून उठवलं होतं. हे इतकं वाईट होतं, आणि इतकं विलक्षणही होतं, की रडावं की कुणाला तरी धावत जाऊन सांगावं, हे त्याला समजेना.

पुढचे काही दिवस गावानं प्रेमानंद मिस्तरी बिघडला असं धरून चालायला हरकत नव्हती. कुणाच्याही दारी गेला की तो आधी दारावर बोटाची पेरं वाजवी, आणि दार उघडल्यावरही वाजवतच राही. बैलगाडीचं जू, दुकानाची फळी, खाटेचा खूर, वखराचं लाकूड, काही सुटलं नाही. बाभूळ ठक म्हणे आणि गप्प बसे. सागवान गंभीर, मोजकं बोले, नंतर हिशोब द्यावा लागणाऱ्यासारखं. सावर तर पोकळच, तिला ना खिळा धरवत ना सूर. कडुनिंब त्याला आवडला होता, पण जो तुकडा मिळाला तो भेगाळलेला निघाला. काय हवंय ते सांगता येत नव्हतं. जे नको होतं ते मात्र पक्कं ठाऊक होतं: आईसारखं नको. तिच्याजवळ नाही ते असलेलं हवं. पण तिच्याजवळ नाही असं काय आहे, हे कसं शोधायचं? जे नाही त्यावर पेरं कशी वाजवायची? मोटारीच्या वेटोळ्यावर हात चालू असताना तो हाच विचार करी, आणि एका दुपारी, गिऱ्हाइकाची खाच भरता भरता, त्याला थप ऐकू आली.

थप, थप, आणि मध्ये एक हलका टणका. भाकरीचा आवाज. तो पाचसहा वर्षांचा, चुलीपुढं, वडील पार्टीबरोबर परगावी, आणि माय काठवटीत भाकरी थापत गातेय. मोठी लाकडी काठवट, एकाच ओंडक्यातून कोरलेली, कडेला वापरानं गुळगुळीत झालेली. हात पिठावर पडला की थप, बोटं काठावर आपटली की तो टणका. थप खाली राही, टणका वर जाई, आणि मधली जागा सगळी मोकळी, तिथं मायचा आवाज येऊन ऐसपैस बसे. एकही शब्द कधी बुडाला नव्हता. हे सगळं त्याला असं लख्ख ऐकू आलं की त्यानं अर्धी भरलेली मोटार तशीच सोडली, दुकान उघडं टाकलं आणि आईच्या खोलीकडे निघाला.

स्टीलची परात आली तशी काठवट माळ्यावर गेली होती. तिच्यात वाळलेल्या मिरच्या होत्या. प्रेमानंदनं मिरच्या सुपात ओतल्या, शिंका दिल्या आणि काठवट कानाशी धरून पेरानं वाजवली. तोच. कोरडा, हलका, लवकर निघून जाणारा आवाज. आला, सांगितलं, बाजूला झाला.

"काय करून राहिला रे?" कमलबाई दारात उभी होती.

"माय, हे लाकूड कशाचं हाय?"

"शिवनीचं. माझ्या बापानं दिलेलं, सिद्धेश्वरकडचं." मग तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि दोन पावलांत येऊन काठवट हातातून काढून घेतली. "हिला करवत लावायची न्हाई. सांगून ठेवते."

"न्हाई लावत."

"तुझा काई भरोसा न्हाई. सायकलीचा डायनमो फोडला होतास, मोटार बघायची म्हनून."

त्याला हसू आलं, आणि हसताना मधेच विचारायचं होतं ते तोंडाशी आलं. घसा खरंच बसला का, माय? पण त्यानं विचारलं नाही. ती खोटं बोलली असती, आणि तिला खोटं बोलायला लावणं त्याला बरं वाटेना. शिवाय उत्तर तिच्याकडे नव्हतंच, ते त्याच्या दुकानात होतं.

सिद्धेश्वरच्या मामाकडे पडलेल्या गोठ्याची एक शिवणीची आडवी तुळई निघाली. मामानं ती आनंदानं दिली, सरपण गेलं एवढीच त्याची तक्रार. एसटीच्या टपावर चढवून प्रेमानंदनं ती बाळापूरला आणली. सोनाजीनं ती पाहिली आणि तोंड वाकडं केलं. "शिसम काढून हे घालतो? ढोलकीचं लाकूड हे. फिकट, हलकं. बघनारा काय म्हनंल?"

"बघनाऱ्याला डोळे मिटायला सांगू, काका."

"लई श्यानपना आला तुला," म्हणत सोनाजीनं रंधा उचलला.

धड तयार झालं. पिवळसर, लोण्याच्या रंगाचं, शिसमाच्या निम्म्या वजनाचं. त्यावर प्रेमानंदनं जुनं पिकअप बसवलं, तार छेडली. रांजणात तोंड घालून बोलावं तसा आवाज, घोंगावणारा, चिकट. शिसमानं निदान त्या जाड वेटोळ्याला धाकात ठेवलं होतं, इथं त्याला रान मोकळं मिळालं. त्याची नजर बाकावर उघड्या पडलेल्या मोटारीकडे गेली, तिच्या गच्च भरलेल्या खाचांकडे. खाच भरलीच पाहिजे. कुणी सांगितलं? मोटारीनं. गिटारीनं कधी सांगितलं होतं?

जुनं वेटोळं उकलायला गेला तर वार्निशानं ते दगडच झालेलं, तार तुटतच राहिली. शेवटी ते बाजूला ठेवून त्यानं नवी चौकट घेतली, आणि कर्ण्याच्या दांडगट चुंबकाऐवजी वडिलांच्या जुन्या रेडिओतलं मवाळ चुंबक. तार गुंडाळायला लागला. अर्ध्यावर हात थांबवायचा होता. आयुष्यात इतकं अवघड काम त्यानं केलं नव्हतं. हात पुढं जाऊ पाहत होता, चौकटीतली रिकामी जागा डोळ्याला खुपत होती, कुणीतरी गिऱ्हाईक आत्ता येऊन म्हणेल की मिस्तरी, अर्धंच काम केलं. त्यानं तार तोडली. वार्निशाच्या डब्याला हात लावला नाही, थोडं मेण वितळवलं आणि तेवढंच. आधी, नुसत्या कुतूहलानं, ते शिसमाच्या धडावर लावून पाहिलं. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं कानात गेलं. त्याला गंमत वाटली. चांगलं पिकअप नावाची गोष्टच नव्हती, चांगलं लाकूडही नव्हतं. कोण कुणाशेजारी बसतंय, एवढंच होतं. मग ते शिवणीवर लावलं. एक तार छेडली. खाली थप, वर टणका, आणि मध्ये मोकळं. त्याच्या डोळ्यांत पाणी वगैरे काही आलं नाही. खरं तर आवाज त्याला थोडा परकाच वाटला, आणि याच गोष्टीचा त्याला आनंद झाला.

विहारातली तालीम सकाळची होती. कमलबाई नेहमीसारखी भिंतीला टेकून बसली, पाय लांब करून, पदरानं वारा घेत. पार्टीतल्या पोरींनी नवी गिटार पाहून नाकं मुरडली. एक म्हणाली, "दादा, पहिलीच भारी होती. ही तर पाटावानी दिसून राहिली." प्रेमानंदनं कडव्याची चाल धरली आणि तीच फिरवत राहिला, पुढं न जाता. कुणी उचलेना. पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या, ढोलकीवाल्यानं भुवई उडवली. प्रेमानंदची मान खाली होती. आता वर पाहिलं तर सगळं फिसकटेल, असं त्याला वाटत होतं. त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून कमलबाईच्या हाताचा तळवा दिसत होता. तो जमिनीवर पडत होता. थप. मग बोटं. पुन्हा थप. ती पीठ थापत होती, आणि हे तिचं तिलाही ठाऊक नसावं.

पाटीवरलं पहिलं अक्षर.

बसूनच म्हणाली ती, अर्ध्या आवाजात. आवाज वापरात नसल्यानं धुळकट झाला होता, वरच्या जागी जरा फाटला. पण 'माय' म्हणाली तेव्हा 'माय' ऐकू आलं, आणि 'हात फिरवी' म्हणाली तेव्हा त्या पाटीवरून फिरणारा तो खरबरीत हात प्रेमानंदच्या पाठीवरून गेल्यासारखं झालं. दाराबाहेर पाण्याचा हंडा घेऊन चाललेली एक बाई थबकली. तिला काही ते गाणं पाठ नव्हतं. ती शब्दांसाठी थांबली होती. प्रेमानंद वाजवत होता आणि पहिल्यांदाच आपण वाजवतोय ते सोडून दुसरंच काहीतरी ऐकत होता, आणि त्याला एवढं सुख झालं की बोटं चुकतील अशी धास्ती वाटली. त्यानं हात आणखी हलका केला, आणखी, तारांना नुसता स्पर्श राहिला.

कडवं संपवून कमलबाई थांबली. गुडघ्यावर हात टेकून उठली, पदर खोचला, माइकपाशी येऊन उभी राहिली आणि तिथून त्याच्याकडे वळून बघितलं. तिच्या कपाळावर आठी होती.

"प्रेमा," ती म्हणाली, "वाढव की रे जरा. तुझं ऐकू येईना मला."